चिवड्याचं वजन आणि माझी मानसिकता

हेब्बाळ, बेंगळुरू

उद्योजकता आणि व्यक्तिमत्त्व विकासाचे ऑनलाइन वर्ग घेणाऱ्या समस्त सर आणि मॅडम यांस,



तुम्ही मला ओळखत नाही, पण माझा फोन नंबर तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आहे. ‘घरबसल्या व्यवसाय’ अशा नावाचा एक मोफत वेबिनार पाहण्यासाठी तो कुठेतरी भरला होता. तेव्हापासून रोज सकाळी कोणी ना कोणी माझ्यातल्या सुप्त उद्योजिकेला हाका मारत असतं. ती सुप्त वगैरे नाही, सकाळी पोहे चाळत बसलेली असते. मी हेब्बाळला राहते. पातळ पोह्यांचा चिवडा, थालिपिठाची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला घरी करते आणि ऑनलाइन विकते. गिऱ्हाईक बहुतेक मराठी. मान्यता टेक पार्कमध्ये नोकरी करणारी जोडपी, सहकारनगर-येलहंकाकडची कुटुंबं, आणि सणासुदीला बाहेरगावचे लोक. धंदा लहान आहे आणि त्याचं मला दुःख नाही. दुःख तुमच्या शिकवण्याचं आहे, म्हणून हे पत्र.

तुमचे वर्ग मी ऐकते. पाकिटं सील करताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. तुमच्यातल्या एका बाईंनी घरखर्चाचं आणि धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवायला सांगितलं होतं. तो सल्ला मी पाळला आणि आजवरच्या ऐकण्यातलं तेवढं एक सोनं. ओळखीच्या माणसाकडे उधारी कशी मागावी, हेही कोणीतरी चांगलं शिकवलं होतं. मराठी मंडळात भेटणाऱ्या वहिनी ‘अगं, घरचीच आहेस’ म्हणत दोन किलो भाजणी उचलतात, तेव्हा तोंड उघडायला खरोखर काहीतरी विकास व्हावा लागतो. तेव्हा या विषयाशी माझं वैर आहे असं समजू नका.

पण तुमच्या प्रत्येक वर्गात एक वळण येतंच. अर्धा तास झाला, की आवाज खाली येतो आणि तुम्ही सांगता की अडचण धंद्यात नसते, तुमच्या मनात असते. इथे माझा हात थांबतो. माझ्यासमोर टेबलावर एक पुठ्ठ्याचा खोका असतो, तो जरा तुम्हाला दाखवते.

खोका ३० सेंटिमीटर लांब, २४ रुंद, २० उंच. आत पाव किलोची चार पाकिटं, म्हणजे एक किलो चिवडा. पातळ पोहे दाबून भरता येत नाहीत. दाबले की गिऱ्हाइकाच्या घरी भुगा पोचतो. म्हणून पाकिटात हवा ठेवायची आणि खोका ऐसपैस घ्यायचा. काट्यावर सगळं मिळून सव्वा किलोच्या आसपास भरतं. कुरिअरवाले मात्र तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याला ५,००० ने भागतात. १४,४०० भागिले ५,०००, उत्तर २.८८. बिल येतं तीन किलोचं. भाजणीला हा ताप नाही, ती जड आहे आणि जागा कमी घेते, तिचं वजन खरं तेवढंच लागतं. माझ्याकडे सर्वांत जास्त मागणी चिवड्याला आहे आणि सर्वांत कमी पैसे सुटतात तेही चिवड्यातच. आता मला सांगा, मनातली कोणती गाठ सोडवली म्हणजे हा भागाकार बदलेल?

कॅश ऑन डिलिव्हरीचं तर विचारूच नका. दारात पैसे देतो म्हणून मागवलेला माल दारातूनच परत येतो. धंद्यातले लोक त्याला आरटीओ म्हणतात. ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा असतो, जाण्याचं भाडं माझं आणि परत येण्याचंही माझंच. साड्या विकत असते तर घडी घालून पुन्हा ठेवली असती. गोदामागोदामांतून फिरून आलेला चिवडा दुसऱ्याला कसा विकणार? मग आमच्या घरी आठवडाभर चहाबरोबर तोच. हा प्रश्न मी एका वर्गात विचारला तेव्हा उत्तर मिळालं, की तुम्ही नकळत पैसा नाकारण्याची ऊर्जा पाठवत असाल. अहो, मी चिवडा पाठवते.

आणखी एक ऐका. होसूरच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या एका मराठी कुटुंबाची दिवाळीची ऑर्डर आली. होसूर माझ्या घरापासून साधारण पन्नास किलोमीटर. पण ते तमिळनाडूत. पूर्वी ऑनलाइन दुकानावरून विकायचं तर उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत मिळाली. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि आपल्याच राज्यात विकत असाल, तर नोंदणीची गरज नाही, साधा नावनोंदणी क्रमांक पुरतो. म्हणजे मी बेळगावला पाठवू शकते, सातशेएक किलोमीटरवरच्या बिदरला पाठवू शकते. होसूरला एक पाकीट पाठवायचं तर आंतरराज्य विक्री, आणि करपात्र माल असल्यामुळे पहिल्या पाकिटापासून नोंदणी. नोंदणीला धंद्याच्या जागेचा पुरावा लागतो. भाड्याचं घर असेल तर भाडेकरार, वीजबिल आणि घरमालकाचं ना हरकत पत्र. बेंगळुरूच्या घरमालकाला ‘तुमच्या घरात धंदा करते’ असं लिहून मागून बघा एकदा. वीज व्यावसायिक दराने लागेल, घरपट्टी वाढेल, अशा सगळ्या शंका त्यांच्या चेहऱ्यावर ओळीने उभ्या राहतात. आमच्या घरमालकांची समजूत मी माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये घातली, आणि त्यात जो काही आत्मविश्वास वाढला त्याची फी कोणाला द्यावी लागली नाही.

नोंदणी मिळाल्यावर काही विकलं नाही तरी शून्य विक्रीचं विवरणपत्र भरावं लागतं. उशीर झाला तर त्या शून्यालाही दिवसाला २० रुपये विलंब शुल्क आहे. मे महिन्यात लोक आंबे खातात, चिवडा कोण मागवतो? शुल्काला ऋतू नसतात. ऐन दिवाळीच्या ऑर्डरी सुरू असताना, २२ सप्टेंबर २०२५ पासून, पाकीटबंद नमकीनवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. चांगलीच गोष्ट, पण बिलं बदलायची, किमती बदलायच्या, हे मला घाऊक दुकानदाराने सांगितलं. तुमच्या गटावर त्या दिवशी कृतज्ञतेची वही कशी लिहावी याचा संदेश होता.

जुलै २०२५ मध्ये तर मी तुमची अक्षरशः वाट पाहिली. कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या जमा रकमा पाहून छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या. बेकरीवाले, चहावाले, भाजीवाले, कोणी सुटलं नाही. २०२१-२२ पासूनचा हिशोब मागितला होता. दूध आणि ताजी भाजी यांच्यावर मुळात करच नाही, पण यूपीआयच्या आकड्यात दूध कुठलं आणि सिगारेट कुठली हे कळत नाही. मुलाने पाठवलेले घरखर्चाचे पैसे आणि गिऱ्हाइकाचे पैसे एकाच रांगेत उभे असतात. आमच्या भागातल्या दुकानांतून क्यूआर कोडचे फलक उतरले आणि ‘फक्त रोख’ अशा चिठ्ठ्या लागल्या. व्यापाऱ्यांनी २५ जुलैच्या बंदची हाक दिली. त्याच्या दोन दिवस आधी मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी बैठक घेतली, जुनी थकबाकी वसूल करणार नाही पण नोंदणी करून घ्या, असं सांगितलं, तेव्हा कुठे वातावरण निवळलं. त्या पंधरवड्यात मी ज्या ज्या छोट्या विक्रेत्याशी बोलले त्याला एकच गोष्ट हवी होती. मालाची मर्यादा ४० लाख, सेवेची २० लाख, आपण कुठे बसतो, नोटिशीला उत्तर काय लिहायचं, हे कोणीतरी साध्या भाषेत समजावून सांगावं. माझ्या फोनवर तेव्हाही तुमची सात आकडी उत्पन्नाची निमंत्रणं येत होती. एकानेही त्या नोटिशीवर तासभर फुकट बोलायचं मनावर घेतलेलं मला दिसलं नाही. कोणी बोललं असेल तर त्यांची माफी मागते आणि त्यांचा पुढचा वर्ग पैसे भरून ऐकते.

आता गोष्टींकडे वळते, कारण तुमच्या वर्गाचा निम्मा वेळ त्यातच जातो. ‘मराठी माणसाला धंदा का जमत नाही’ ही तुमची आवडती सुरुवात. त्यानंतर उतारा म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्कर येतात. इथे हेब्बाळमध्ये बेल्लारी रोडला किर्लोस्कर बिझनेस पार्क आहे, येता-जाता ती पाटी दिसते, आणि १९४६ पासून किर्लोस्कर इलेक्ट्रिक याच शहरात आहे. त्यामुळे ही गोष्ट मला जवळची. तुम्ही ती अशी सांगता: मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते, बढती डावलली गेली, स्वाभिमानाने नोकरी सोडली, बेळगावला येऊन सायकलचं दुकान काढलं. मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं, नांगर खपेना, पण लक्ष्मणराव डगमगले नाहीत. मग एकदम किर्लोस्करवाडी आणि टाळ्या.

मधलं एक पान तुम्ही दर वेळी गाळता. बेळगावातली त्यांची जागा नगरपालिकेला वसाहतीसाठी हवी होती, म्हणून कारखाना उठवावा लागला. उठवून न्यायचा कुठे, हा प्रश्न जिद्दीने सुटला नाही. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले, संस्थानात कुंडलजवळ माळाची जागा दिली, पैशाचीही सोय करून दिली, तेव्हा १९१० मध्ये वाडी उभी राहिली. एका कचेरीने जागा काढून घेतली आणि एका राजाने दिली. हे सांगितल्याने लक्ष्मणराव लहान होत नाहीत. निवडुंग आणि साप त्यांनीच काढले, नांगरही त्यांनीच शेतकऱ्याच्या गळी उतरवला. पण ऐकणाऱ्याला निदान कळतं की धंद्याला जागा लागते, भांडवल लागतं आणि कोणाचा तरी पाठिंबा लागतो. ते कळलं नाही तर तो घरी जाऊन स्वतःच्या मनाला दोष देत बसतो.

लिज्जतचंही तसंच. गिरगावातल्या सात बायका, १९५९ साल, उसने ८० रुपये. हा आकडा तुमच्या प्रत्येक सादरीकरणात असतो. १९६६ साली खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने त्यांना ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली, खेळत्या भांडवलासाठी ८ लाख रुपये दिले आणि काही करांत सूट मिळाली, हे मात्र मी तुमच्याकडून कधीच ऐकलं नाही. शिवाय त्या सात जणींनी सात दुकानं काढली नाहीत. एकत्र राहिल्या, नफा-तोटा सगळ्या बहिणींचा मानला. तुम्ही आम्हाला शिकवता, की प्रत्येकीने आपला स्वतंत्र ब्रँड उभा करा. मग एकाच वर्गातल्या चाळीस जणी एकाच शहरात एकमेकींपेक्षा दोन रुपये स्वस्त भाजणी विकायला बसतात.

पहाटे पाचला उठण्याविषयी फार लिहीत नाही. ज्या घरात डबे करायचे असतात तिथे बाई पाचलाच उठते आणि त्याला कोणी दिनचर्या म्हणत नाही. चोवीस तास ग्राहकासाठी हजर राहा, या सल्ल्याविषयी मात्र लिहिते. पाकीटबंद मालावर उत्पादकाचा पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर छापावा लागतो. ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर नियम योग्य आहे. पण ज्यांचं स्वयंपाकघर हाच कारखाना, त्यांच्या घराचा पत्ता आणि नंबर शेकडो अनोळखी घरांत जातो. रात्री अकराला फोन येतो आणि चिवड्याविषयी एक शब्दही न बोलता माणूस गप्पा मारू लागतो. तेव्हा हजर राहायचं की नाही, धंद्यासाठी दुसरं सिमकार्ड घ्यायचं की नाही, हा व्यक्तिमत्त्व विकासाचाच धडा आहे आणि बायकांना त्याची गरज आहे. तुमच्या अभ्यासक्रमात तो नाही.

तुम्ही स्वतः कसे विकता, तेही जरा पाहा. वेबिनारच्या शेवटी पडद्यावर घड्याळ उलटं धावू लागतं. ‘शेवटच्या सात जागा.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा सातच असतात. खाली दोन बटणं. एकावर ‘हो, मला यशस्वी व्हायचंय’, दुसऱ्यावर ‘नको, मी आहे तिथेच बरा’. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसव्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत. खोटी घाई करणं त्यात आहे, आणि नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी भाषा वापरणंही आहे. ते नियम मी माझ्या चिवड्याच्या पानासाठी वाचले होते, वाचताना तुमचंच पान डोळ्यांसमोर येत राहिलं. त्याच प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठीही नियम केले. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव आणि फोटो वापरायचा तर यश मिळाल्यानंतर घेतलेली त्याची लेखी संमती हवी, आणि त्याने नेमका कोणता, किती मुदतीचा कोर्स केला तेही सांगायला हवं. ते तुम्हाला लागू होतात की नाही यावर वकील वाद घालोत. न लागता पाळलेत तर कोणी अडवणार नाही.

तुमच्या यशोगाथांमध्ये उलाढालीचे स्क्रीनशॉट असतात. महिन्याला लाखाची विक्री. त्या लाखातून पोहे-तेल-दाणे, खोके, भाडं, परत आलेला माल, ऑनलाइन दुकानाचं कमिशन आणि जाहिरात वजा केली तर हातात काय उरलं, आणि वर्षभराने ती बाई तोच धंदा करते का, हे लिहा. माझ्या पाहण्यातले तुमचे बरेच विद्यार्थी धंदा सोडून आता ‘धंदा कसा करावा’ याचे वर्ग घेतात. त्यातल्या एकीने मला तिचा वर्ग अर्ध्या फीत देऊ केला आहे.

तुम्ही स्वतः काय विकून पैसे मिळवता, तेही पहिल्याच पडद्यावर सांगा. शिकवण्यातून मिळणारी कमाई आणि ज्या धंद्याविषयी शिकवता त्यातून मिळणारी कमाई, दोन्ही आकडे वेगवेगळे. शिकवून पोट भरण्यात काही कमीपणा नाही, शिक्षकही तेच करतात, पण ते लपवून ठेवत नाहीत. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे फुकट आहे, हे प्रत्येक वर्गात मोठ्याने सांगा. तुमच्या गटांमध्ये ती करून देण्याचे हजार-दोन हजार घेणारे लोक फिरतात आणि तुम्ही त्यांना बाहेर काढत नाही. खोक्याचं माप, परतीचं भाडं, शून्याचं विवरणपत्र, लेबलावरचा मजकूर यांना एक अख्खं सत्र द्या. कोणी दागिने मोडून तुमच्या पुढच्या टप्प्याची फी भरायला निघालं असेल, तर तिला थांबवा. तुमच्यातल्या काहींना हे जमेल असं मला खरोखर वाटतं. बँक खातं वेगळं करायला सांगणाऱ्या त्या बाई तर नक्कीच करतील.

आणि प्रश्नोत्तरं सुरुवातीला घ्या. अडीच तास थांबून शेवटी माझा होसूरचा प्रश्न विचारला, की उत्तर येतं, ‘छान प्रश्न, तो आपण प्रीमियम बॅचमध्ये बघू.’ त्याच प्रश्नाचं उत्तर कर सल्लागाराने मला उभ्याउभ्या पाच मिनिटांत दिलं आणि पैसेही घेतले नाहीत. मेतकुटाची एक पुडी तेवढी नेली.

कळावे, लोभ असावा.

आपली,
हेब्बाळची एक चिवडेवाली

ता. क. या पत्राला उत्तर म्हणून सवलतीचा कूपन कोड पाठवू नये. माझा नंबर यादीतून काढलात तरी उत्तर पोचलं असं समजेन.